भिंगकाकांना शत्रू हवा आहे

भिंगकाकांच्या दुकानात चोर आला तो भर दुपारी, आणि तोही पायपुसण्यावर पाय पुसून.

हा तपशील काका प्रत्येकाला आवर्जून सांगत. पाय पुसून आत येणारा माणूस गिऱ्हाईकच असतो अशी त्यांची इतक्या वर्षांची समजूत होती आणि तिथेच आपण फसलो, असं त्यांचं म्हणणं. चोराने काउंटरवर भाजी चिरायची सुरी ठेवली आणि कपाटातल्या भारी फ्रेमी पिशवीत भरायला सांगितल्या. काकांनी भरल्या. इथपर्यंत कोणीही हेच केलं असतं. पण काकांचा हात पडला सवयीचा. त्यांनी एकेक फ्रेम पुसली, डबीत घातली, प्रत्येक डबीत मऊ फडकं ठेवलं, आणि चोर जायला निघाला तेव्हा मागून म्हणाले, "काड्या सैल वाटल्या तर घेऊन या, फुकट कसून देतो."

चष्म्याचं दुकान आणि स्वतःच्या नाकावर सोडावॉटरच्या बाटलीसारख्या जाड काचा, म्हणून सगळी गल्ली त्यांना भिंगकाका म्हणायची. घरी येऊन त्यांनी काकूंना विश्वासात घेऊन सगळं सांगितलं. काकू आधी हबकल्या. त्यांनी काकांना डोक्यापासून पायापर्यंत चाचपून पाहिलं, पाणी दिलं, आणि मग ते शेवटचं वाक्य ऐकल्यावर त्यांना जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. हसता हसता त्या रडल्याही, पण ते काकांच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळपर्यंत ते वाक्य जिना उतरून गल्लीत फिरायला गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरवाला म्हणाला, "काका, माझ्याही काड्या जरा सैल झाल्यात." पेपरवाल्याला चष्मा नव्हता.

आता गल्लीला जे माहीत नव्हतं तेही सांगायला हवं. काका घाबरले होते, आणि घाबरलेलेच राहिले होते. चष्म्याच्या बिजागरीतला तिळाएवढा स्क्रू बोलता बोलता बसवणारा हा माणूस, पण आता दारात कोणाचं पाऊल वाजलं की त्यांच्या बोटांतून तो स्क्रू उडायचा, आणि मग गिऱ्हाइकासमोर काका गुडघ्यांवर बसून फरशी चाचपायचे. दुपारी रस्ता सामसूम झाला की त्यांना दुकानात एकट्याने बसवत नसे. ज्या दुकानात उभा जन्म गेला त्याच दुकानाची धास्ती बसावी, याची त्यांना भयंकर लाज वाटे. हे ते कोणालाही बोलले नाहीत. एक दिवस जेवताना फक्त एवढंच म्हणाले, की आपण पिस्तूल घेणार.

"कशाला?" काकूंनी विचारलं.

"दुकानात ठेवायला."

"कोणत्या कपाटात?"

हा प्रश्न काकांना झोंबला. पण त्या दिवशी जेवायला मेहुणा होता. मेहुणा म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. त्याला सगळ्या विषयांवर मतं होती आणि ती मांडायला सगळे दिवस मोकळे होते. "अगदी बरोबर भावजी!" तो म्हणाला. "स्वतःचा जीव वाचवणं हा माणसाचा हक्क आहे. चोर कधी परवाना काढायला जातो का? मग सज्जनानेच का रांगेत उभं राहायचं? कायदे कडक केले की चोराचं काही अडत नाही, तुमच्यासारखा माणूस तेवढा रिकाम्या हाताने बसतो."

"त्या चोराकडे सुरी होती," काकू म्हणाल्या. "सुऱ्या आपल्याकडेही आहेत."

मेहुण्याचं सगळंच चुकीचं होतं असं नाही. सुरी समोर येते तेव्हा पोलीस दुसऱ्या कुठल्यातरी रस्त्यावर असतात, हे काकांनी अनुभवलं होतं. पण खालच्या मजल्यावर मास्तर राहत, आणि मास्तर पिस्तुलाच्या पार विरोधात होते. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे, काकांचे सर्वांत जुने मित्र. रोज संध्याकाळी दोघांचा बुद्धिबळाचा डाव असे, आणि चोरी झाल्यापासून मास्तर दुपारीही पेपर घेऊन दुकानात येऊन बसू लागले होते. निवृत्त माणूस आहे, घरी करमत नसेल, असं काकांना वाटे. तसं ते गिऱ्हाइकांसमोर बोलूनही दाखवत.

"समज, त्या दिवशी तुझ्याकडे पिस्तूल असतं," मास्तर घोडा पुढे सरकवत म्हणाले. "काय केलं असतंस?"

काका माणूस प्रामाणिक. ते विचारात पडले.

"मी सांगतो. तेही पुसून, डबीत घालून दिलं असतंस."

"थट्टा नको करूस."

"थट्टा नाही. अरे, चोर आयुष्यात एकदा येतो, राग रोज येतो. घरात हत्यार असलं की ते बिचारं चोराची वाट बघत बसेल कशाला? असल्या वस्तू मिळायला अवघडच असायला हव्यात."

"तुझं काय जातंय? तुला कोणी सुरी दाखवलेली नाही," काका म्हणाले आणि रागाच्या भरात त्यांनी वजीर गमावला. मग ती चाल त्यांनी परत घेतली.

परवान्याच्या कचेरीत लांबलचक गॅलरी होती, बाकं होती आणि शेवटी एक खिडकी होती. खिडकीतला कारकून बोलायला मऊ होता. अशी माणसं फार वाईट, त्यांच्यावर रागावताही येत नाही.

"जिवाला धोका आहे का?" त्याने विचारलं.

"दुकानात चोरी झाली."

"तो मालाला धोका झाला. जिवाला?"

"सुरी दाखवली ना!"

"दाखवली. मारली का?"

"नाही," काका म्हणाले. हे सांगताना त्यांना उगाचच ओशाळल्यासारखं झालं.

"चोर कोण होता, माहीत आहे?"

"पाय पुसून आला होता."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "हे बघा काका, अनोळखी माणसाचा धोका तर सगळ्यांनाच असतो. त्यावर द्यायचं म्हटलं तर मला या गॅलरीतल्या सगळ्यांना पिस्तुलं द्यावी लागतील, आणि इथली रांग तुम्ही बघताच आहात. तुमच्या जिवावर उठलेलं असं कोणी ओळखीचं आहे का? एखादा शत्रू?"

काकांनी खूप आठवून पाहिलं. मग म्हणाले, "उद्या सांगितलं तर चालेल?"

घरी आल्यावर शत्रूचा शोध सुरू झाला. काकूंना एकही नाव सुचेना. "तुमच्या वाटेला कोण जाणार हो?" त्या अगदी मायेने म्हणाल्या, आणि तीच माया काकांना बोचली. माणसाने एवढं आयुष्य काढावं आणि आपला जीव घ्यावासा वाटणारा एक माणूस मागे असू नये? मेहुण्याने सुचवलं, समोरचा चष्मेवाला! धंद्यातलं वैर! काकांना ते पटलं. ते छाती पुढे काढून समोरच्या दुकानात गेले आणि खडा टाकून बघितला. म्हणाले, "तुम्हाला माझा राग येत असेल नाही?" समोरच्याने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि हात हातात घेऊन म्हणाला, "काका, भलतंच काय! तुम्ही समोर आहात म्हणून तर माझं दुकान चालतं." काका तो चहा कसाबसा प्याले.

मग त्यांना आठवलं, एका बँकेतल्या बाईंना आपण मागे चुकीच्या नंबरचा चष्मा दिला होता. बाई नक्कीच चिडून असतील. बाईंना गाठलं तर त्या म्हणाल्या, "छे हो, सवय झाली. आता दुसऱ्या कोणाचा चष्मा लावला की मलाच तो चुकीचा वाटतो." त्यांनी काकांना वाढदिवसाचं बोलावणंही दिलं.

त्या संध्याकाळी काकांचं खेळात लक्ष नव्हतं. मास्तरांनी बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी पटावरचा हात काढून घेतला.

"मी बनतो तुझा शत्रू," ते म्हणाले.

"तू? तू तर विरोधात आहेस."

"आहेच. तत्त्व माझं आहे, ते कुठे जात नाही. पण तुझा चेहरा बघवत नाही रे. मी धमकी देतो, तू तक्रार कर. मिळालं पिस्तूल तर मिळालं."

ठरलं. धमकी चारचौघांना ऐकू जावी म्हणून घराच्या गॅलरीतून द्यायची. पण मास्तरांचा जन्म गेला मुलांना समजावण्यात. पहिल्या तालमीत ते म्हणाले, "बघ हं, मी तुझा जीव घेईन, बरं का." काका म्हणाले, असं तर शाळेत उशिरा येणाऱ्या पोरालाही कोणी दटावत नाही. दुसऱ्या तालमीत आवाज चढला, पण ठसका लागला आणि काकांनाच खाली धावत जाऊन पाणी द्यावं लागलं. शेवटी मेहुण्याने मास्तरांना डोळे कसे वटारायचे ते दाखवलं. आणि मग खरोखरच एके सकाळी मास्तर गॅलरीतून ओरडले, "तुला सोडणार नाही! याद राख!" समोरच्या घरांच्या खिडक्या पटापट उघडल्या. काका वरून ठरल्याप्रमाणे ओरडले, "काय करशील?" तेवढ्यात काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, ओरडून घसा बसेल. चहा झालाय, वर या." मास्तर वर गेले. पण तोवर गल्लीने ऐकायचं ते ऐकलं होतं. काकांनी चौकीवर तक्रार नोंदवली आणि कचेरीत जाऊन कारकुनाला अभिमानाने सांगितलं, "मिळाला."

कचेरीतून चौकशीला एक साहेब आले. दमलेले, जिन्याने धापा टाकणारे. त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती आणि काकांचं सगळं लक्ष तिकडे. शेवटी न राहवून त्यांनी साहेबांच्या नाकावरून चष्मा काढूनच घेतला आणि आपली छोटी पेटी उघडून बिजागरी दुरुस्त करायला बसले. चष्म्याशिवाय साहेबांना समोरचं दिसत नव्हतं, त्यामुळे ते फार लक्ष देऊन ऐकत होते.

"काय वैर आहे तुमचं?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

"यांचे कपडे वरून आमच्या गॅलरीत ठिबकतात," मास्तरांनी पाठ केलेलं म्हणून दाखवलं.

"एवढ्यावरून कोणी कोणाला मारत नाही हो. मला वर कारण दाखवावं लागतं. खरं काय ते बोला."

मास्तरांनी काकांकडे पाहिलं. "खरं सांगू? हा बुद्धिबळात चाल परत घेतो."

काका गालात हसले. हे ठरलेलं नव्हतं, पण चांगलं होतं.

"आणि हरला की म्हणतो, आज माझं लक्ष नव्हतं. इतक्या वर्षांत हा माझ्याकडून एकदाही हरलेला नाही साहेब, याचं नुसतं लक्ष नसतं." मास्तरांचा आवाज आता तालमीतल्यापेक्षा वेगळा येत होता. "मी एकदा माझ्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं. एकदाच. शाळेच्या हॉलमध्ये. नोकरी सांभाळून काढलेली चित्रं होती ती. इतर लोक काय म्हणाले त्याचं मला काही नव्हतं, मला हा काय म्हणतो ते ऐकायचं होतं. हा आला, सगळा हॉल फिरला, आणि मला म्हणाला, फ्रेमी छान आहेत, कुठून करून घेतल्यास?"

काकांचं हसू मावळलं. ते बिजागरीवर आणखी वाकले.

"आणि आता म्हणतो, मास्तरांना काय काम, बसतात माझ्या दुकानात. गिऱ्हाइकांसमोर म्हणतो. मला काय घर नाही? पंखा नाही? अरे, तुझे हात थरथरतात म्हणून येऊन बसतो मी! दाराकडे तोंड करून बसतो, की कोणी आलाच तर आधी त्याला मी दिसावा. पेपर हातात असतो, वाचतो कोण? आणि साहेब, याला अजून पिस्तूल हवंच आहे! कधी कधी वाटतं, याचा गळा धरावा!"

काकांच्या हातातला स्क्रू उडाला आणि कुठेतरी गेला.

"हां," साहेब लिहू लागले. "हे गळ्याचं वाक्य चालेल."

साहेबांनी दोघांकडून हमी लिहून घेतली, की कचेरी ही हमी रद्द करेपर्यंत एकमेकांच्या घरी किंवा दुकानी पाऊल टाकणार नाही. मास्तर सही करून, मागे न बघता खाली गेले. साहेब दोऱ्याने बांधलेल्या चष्म्यानेच परत गेले. काकांना आता हक्काचा, सरकारी कागदावरचा शत्रू होता. ते कोचावर बसून राहिले आणि त्यांनी जेवायला नाही म्हटलं.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी काकूंना विचारलं. "ते माझ्यासाठी बसतात म्हणून?"

"सगळ्या गल्लीला माहीत होतं," काकू म्हणाल्या. या वेळी त्या हसल्या नाहीत.

पुढच्या दुपारी काका दुकानात एकटे होते. मास्तरांचं बाकडं रिकामं होतं. पंख्याने कॅलेंडर फडफडलं तरी त्यांचा जीव वरखाली होई. पाय पुसल्याचा आवाज आला म्हणून ते खुर्चीच्या मागे सरले, तर काकू डबा घेऊन आल्या होत्या. उन्हं कलण्याआधीच काकांनी शटर ओढलं. मास्तर असते तर पेपराआडून म्हणाले असते, एवढ्यात कुठे निघालास? घरी जाताना जिन्यात ते मास्तरांच्या बंद दारासमोर थांबले आणि हमीची आठवण होऊन तसेच वर गेले. एवढ्या एका मजल्याचं अंतर त्यांना त्या दिवशी फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून निरोप आला. काका धावतच खिडकीशी गेले.

"अर्ज नामंजूर झाला," कारकून मऊपणे म्हणाला.

"का? शत्रू आणला की!"

"म्हणूनच. शेजाऱ्याशी उघड वैर, चारचौघांत भांडण, चौकीवर तक्रार. अशा माणसाच्या हाती पिस्तूल कसं द्यायचं? उद्या रागाच्या भरात तुम्हीच त्यांना काही केलंत म्हणजे?"

"मी? मास्तरांना?" काकांचा आवाज फाटला. "अहो, वैर नव्हतं तेव्हा म्हणालात गरज नाही. वैर आणलं तर म्हणता धोका आहे. मग तुम्ही परवाना देता तरी कोणाला?"

कारकुनाने प्रश्नाचा खरोखर विचार केला. "ज्याला नको असतं ना, त्याला आम्ही डोळे मिटून देऊ," तो म्हणाला. "पण तो इथे येतच नाही."

मेहुणा हे ऐकून पेटला. वरच्या कोर्टात जाऊ, म्हणाला. हक्काचा प्रश्न आहे, आज तुमचा, उद्या माझा. काकांनी त्याचं बोलणं अर्ध्यावर सोडलं, हमी-बिमी गुंडाळून ठेवली आणि ते खाली उतरून मास्तरांच्या दारात उभे राहिले.

"चित्रं बघायला आलोय," ते म्हणाले.

"फ्रेमी विकून टाकल्या मी," मास्तर दारातूनच म्हणाले. "आता तुझ्यासाठी बघण्यासारखं काही राहिलं नाही."

पण ते बाजूला झाले. चित्रं कपाटाच्या मागे, जुन्या चादरीत गुंडाळलेली होती. काकांनी एकेक काढून खिडकीपाशी उजेडात धरलं. चष्मा पुसला, पुन्हा धरलं. मास्तर हाताची घडी घालून भिंतीला टेकले होते.

"मला यातलं काही कळत नाही रे," शेवटी काका म्हणाले. "त्या दिवशीही कळलं नव्हतं. वाटलं, भलतंच काहीतरी बोलून बसेन आणि तुझ्या मनातून उतरेन. म्हणून ज्यातलं कळतं तेवढंच बोललो. घाबरलो होतो. चोराला घाबरलो, तसाच तुलाही घाबरलो. आता सांगायचं तर, दुकानात एकटं बसायची मला भीती वाटते. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही."

काकांना वाटलं, आता चित्राबद्दल काहीतरी बोलायलाच हवं. त्यांनी हातातलं चित्र लांब धरलं, जवळ धरलं आणि सगळा धीर गोळा करून म्हणाले, "ही बसलेली म्हैस मात्र मला मनापासून आवडली."

"ती टेकडी आहे," मास्तर म्हणाले.

काकांनी पुन्हा पाहिलं. "टेकडीसुद्धा आवडली," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मास्तर आधी खांद्यांनी हसले, मग पोट धरून हसले, मग भिंतीवरून घसरत खालीच बसले. त्या आवाजाने वरून काकू धावत आल्या. त्यांना वाटलं, यांनी खरंच एकमेकांचा गळा धरला.

हमी रद्द करून घ्यायची तर दोघांनी मिळून कचेरीत जायला हवं होतं. गेले. कारकुनाने दोघांना शेजारी शेजारी उभं केलं आणि काकांना विचारलं, "यांच्यापासून तुमच्या जिवाला धोका आहे?"

"नाही."

"पुन्हा अर्ज करणार पिस्तुलासाठी?"

"नाही," काका म्हणाले. "दुपारी मास्तर असतात दुकानात."

"यांच्याकडे काही हत्यार आहे?"

"पेपर असतो."

कारकुनाने मास्तरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याच्या मऊ चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरी काळजी दिसली. "अहो पण मास्तर, खरंच कोणी सुरी घेऊन आला, तर तुम्ही काय करणार?"

मास्तरांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय करणार?" ते म्हणाले. "दोघं मिळून घाबरू."